सुडाचा खेळ आणि पाठीमागचा उठाव

व्हिडिओ गेम हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न या पानांचा वाचक विचारील आणि तो विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. ज्यांच्या घरात एका पिढीपूर्वी पुस्तकांचे कपाट नव्हते, त्यांनी आपला वेळ पडद्यावरच्या मारामारीवर का खर्च करावा? परंतु हाच आक्षेप एकेकाळी तमाशावर घेतला गेला, सिनेमावर घेतला गेला, आणि दलित आत्मकथने प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा 'हे साहित्य आहे काय' असे विचारणारेही काही कमी नव्हते. कला कोणती आणि करमणूक कोणती हे ठरविण्याचा मक्ता कोणाकडे असतो हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा त्या वादात मी शिरत नाही. माझ्या वर्गातील मुलांच्या हाती कादंबरी पडण्याआधी अशा खेळांच्या कथा पडलेल्या असतात. त्या कथा अन्यायाविषयी, सुडाविषयी काय सांगतात हे पाहणे शिक्षकाला टाळता येणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी स्वतः हा खेळ खेळलेलो नाही, हेही आधीच सांगितले पाहिजे. मी तो शेजारी बसून पाहिला. खेळणारी माझी जोडीदार. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर लोकांच्या शिरा शोधून रक्त काढायचे, त्यामुळे तिचा हात स्थिर आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या भावाने नवा प्लेस्टेशन घेतला, तेव्हा जुना, चौथ्या क्रमांकाचा, आमच्याकडे आला. मुलगी झोपली की रात्री दहानंतर तास-दीड तास ती खेळायची आणि मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन पाहायचो. एकदा मीही कंट्रोलर हातात घेतला. माझी नायिका भिंतीला नाक लावून, आकाशाकडे बघत उभी राहिली आणि तशीच मेली. पुन्हा मी त्या भानगडीत पडलो नाही. महिनाभर हा प्रकार चालला आणि त्या महिन्यात आमची जेवढी भांडणे झाली, तेवढी लग्नानंतर कोणत्याही पुस्तकावरून झालेली नाहीत. आम्ही कॉलेजात एकाच वर्गात होतो, त्यामुळे घरात अरे-तुरे चालते आणि भांडणही बरोबरीने होते.

खेळाचे नाव 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील नॉटी डॉग या कंपनीने तो तयार केला आणि जून २०२० मध्ये, सारे जग साथीच्या भीतीने दारे लावून बसले होते तेव्हा, तो बाजारात आला. त्याचा पहिला भाग २०१३ चा. दिग्दर्शक नील ड्रकमन. लेखनात त्याच्यासोबत हॅली ग्रॉस. या प्रकाराला 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९६ साली 'रेसिडेंट ईव्हिल' काढला तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. भुते किंवा राक्षस पुष्कळ, हाती शस्त्रे थोडी, आणि जिवंत राहणे हीच कामगिरी, असा याचा साचा.

पहिल्या भागाची कथा थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. एक बुरशी माणसाच्या मेंदूत शिरते आणि माणूस हिंस्र होतो. मुंग्यांच्या बाबतीत निसर्गात असे काहीसे खरोखर घडते. कथेने ते माणसांवर आणले. जग कोसळते. त्या पहिल्याच रात्री जोएल नावाच्या माणसाची मुलगी एका सैनिकाच्या गोळीने मरते. वीस वर्षांनी तोच जोएल एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसरीकडे पोचवायला निघतो, कारण तिला या रोगाची बाधा होत नाही. सॉल्ट लेक सिटीच्या इस्पितळात डॉक्टर तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून लस बनवू पाहतात. त्यात ती मरणार असते. बेशुद्ध एलीला कोणीच विचारत नाही. डॉक्टर विचारत नाहीत, जोएलही नाही. जोएल तिथल्या माणसांना ठार मारतो, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरलाही मारतो, तिला उचलून नेतो आणि शुद्धीवर आल्यावर तिच्याशी खोटे बोलतो. दुसरा भाग त्यानंतर काही वर्षांनी सुरू होतो. त्या डॉक्टरची मुलगी ॲबी जोएलला शोधत येते आणि एलीच्या डोळ्यांदेखत गोल्फच्या काठीने त्याला मारते. एकोणीस वर्षांची एली आपली प्रेयसी डिना हिच्यासह सिएटल शहराकडे निघते. इथून सूड सुरू होतो.

आता भीतीविषयी. रससिद्धान्त शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर लिहितो की भयानक रसाचा स्थायीभाव भय. त्या सिद्धान्तातला सहृदय रसिक स्वस्थ बसलेला असतो; त्याचे भय साधारणीकरण होऊन आस्वादाचा विषय बनते. पोट भरलेल्या माणसाचेच हे सौंदर्यशास्त्र आहे, असा आक्षेप दलित समीक्षेने फार पूर्वी घेतला. तो मला पटत होता, पण त्याचा नेमका अर्थ या खेळाने दाखविला. इथे भीती हिशेबाच्या रूपाने येते. पिस्तुलात दोन गोळ्या आहेत आणि पुढच्या खोलीत चार जण. एक चिंधी आणि एक बाटली स्पिरिट सापडले आहे. त्याची जखमेवरची पट्टी करता येते, नाहीतर पेटवून फेकायची बाटली. दोन्ही होत नाही. ती थांबायची, यादी उघडायची आणि हिशेब करायची. मी हे पाहत होतो आणि मला घर आठवत होते. रेशनवर मिळालेले रॉकेल स्टोव्हला लावायचे की परीक्षा आहे म्हणून माझ्या चिमणीला, हा निर्णय आई रोज संध्याकाळी करीत असे. भीतीला असा जमाखर्च असतो हे ज्याला घरूनच माहीत आहे, त्याला हा खेळ भुताटकीचा वाटत नाही. तो ओळखीचा वाटतो. खेळाची पहिली ताकद मी इथे मानतो.

त्याची दुसरी ताकद नावे ही आहे. या खेळात शत्रूच्या माणसांना नावे आहेत. एकाला मारले आणि त्याच्या साथीदाराला प्रेत दिसले की तो नाव घेऊन ओरडतो. कुत्र्यांनाही नावे आहेत. मत्स्यालयात ॲलिस नावाची कुत्री एलीवर झेप घेते आणि मारावी लागते. पुढे ॲबीच्या भागात, काळ मागे गेलेला असताना, तीच ॲलिस शेपटी हलवत भेटते. माझी जोडीदार त्या रात्री खेळ बंद करून झोपायला गेली. मारलेल्याला नाव असते हे खेळणाऱ्याच्या कानावर सतत आदळत राहावे, असा हा प्रयत्न आहे आणि तो प्रामाणिक आहे. तथापि तिथेही एक कुंपण आहेच. बुरशीने ग्रासलेल्यांना नाव नाही. तीही कालपर्यंत माणसे होती, त्यांच्या अंगावर अजून कामाचे कपडे आहेत. पण त्यांच्यासाठी कोणी ओरडत नाही. प्रत्येक करुणाप्रधान कलाकृतीत अशी एक जमात मागे ठेवलेली असते, जिला मारताना हुंदका येण्याची गरज नसते. शिवाय सिएटलमध्ये जे दोन गट लढताहेत त्यांपैकी एक स्वतःला सेराफाइट म्हणवतो. शत्रूने त्यांच्या गालावरच्या व्रणांवरून त्यांना 'स्कार' हे नाव ठेवले आहे. आपले नाव कोणी ठेवले, या प्रश्नाचे महत्त्व या पानांच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मग नोरा आली. नोरा ही ॲबीची मैत्रीण. इस्पितळाच्या तळघरात, बुरशीने भरलेल्या हवेत एली तिला गाठते. ॲबी कुठे आहे हे नोरा सांगत नाही. एलीच्या हातात लोखंडी नळी. कॅमेरा एलीच्या चेहऱ्यावर येतो आणि पडद्यावर एका बटणाची खूण उमटते: चौकोन. तो दाबला की नळी खाली येते. न दाबला तर काहीच होत नाही. एली तशीच उभी राहते, श्वास ऐकू येत राहतो. माझ्या जोडीदाराने कंट्रोलर मांडीवर ठेवला. मी म्हणालो, "नको दाबूस." ती म्हणाली, "मग काय करू? बंद करू? एवढाच पर्याय आहे." मी म्हणालो, बंद कर. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बघणारा आहेस. तुला नको म्हणायला काय जातं?" आणि तिने बटण दाबले. ते एकदा दाबून भागत नाही, पुन्हा पुन्हा दाबावे लागते.

तिचे ते वाक्य मला लागले. समीक्षक नेहमी बघणाराच असतो. पण तिचे दुसरे म्हणणे अधिक महत्त्वाचे होते. ते तिने दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना सांगितले. ती म्हणाली, "आधी त्यांनी मला दाबायला लावलं, आणि आता मला वाईट वाटायला लावतायत. केलं त्यांनी, पाप माझं." या खेळावर इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे, खेळणाऱ्याला अपराधी करण्याच्या त्याच्या युक्तीची स्तुतीही झाली आहे. मला तिचे हे वाक्य त्या स्तुतीपेक्षा खरे वाटते. ज्याला निवड नाही त्याच्याकडून पश्चात्ताप वसूल करणे हा नैतिक अनुभव नव्हे. धर्मशास्त्रांनी हा उद्योग फार काळ केला. कर्म आधी नेमून दिलेले आणि फळ मात्र ज्याचे त्याने भोगायचे.

खेळाच्या मध्यावर कथा उलटते. एली आणि ॲबी नाटकगृहात समोरासमोर येतात आणि नेमके तेव्हा कंट्रोलर ॲबीकडे जातो. तेच तीन दिवस, तेच शहर, पण आता ॲबीच्या अंगाने. तिचा बाप दिसतो, मित्र दिसतात. ज्यांना एलीने मारले ते हसताना, जेवताना, भांडताना दिसतात. इथे आम्हा दोघांत एक विचित्र फरक पडला. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस माझ्या जोडीदाराचा ॲबीवरचा राग निवला होता. ॲबीला उंचीचे भय वाटते. ढगांत बांधलेल्या पुलांवरून तिला चालवताना ती स्वतः श्वास रोखून बसायची. पुढे नाटकगृहात परत आल्यावर ॲबी म्हणून एलीशी लढण्याची वेळ आली, तेव्हा ती दोघींसाठी घाबरत होती. माझा राग मात्र तसाच. जोएलला मारणारी ती हीच, हे मी विसरलो नव्हतो. असे का व्हावे? ती हातांनी ॲबी झाली होती. पंधरा तास ज्या देहाला तुम्ही पडण्यापासून वाचवता, जखम झाली की पट्टी बांधता, त्याचा द्वेष करणे हातांना जमत नाही. खेळाचा सारा युक्तिवाद हातांतून जातो. बघणाऱ्यापर्यंत तो पोचत नाही. आणि ज्यांच्यापर्यंत पोचायला हवा त्यांच्यापर्यंत तो पोचतोच असेही नाही. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जुलै २०२० मध्ये जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि तिने त्या जगासमोर मांडल्या. सूड वाईट असे सांगणाऱ्या कथेचे हे पहिले वाचक!

माझा खरा मतभेद इथून पुढे सुरू होतो. दिग्दर्शक ड्रकमन याचा जन्म इस्रायलमधला, बालपण वेस्ट बँकमधले. खेळ आला त्या सुमारास त्याने एका मुलाखतीत सांगितले की २००० साली रामल्ला येथे जमावाने दोन इस्रायली सैनिकांना ठार केले, त्याची चित्रफीत त्याने पाहिली आणि एक बटण दाबून त्या सर्वांना मारता आले तर मारावे, असे त्याला वाटले. पुढे या विचाराची त्याला स्वतःलाच शिसारी आली. द्वेष कसा सार्वत्रिक असतो ते दाखवावे, ही कल्पना तिथून निघाली. ही कबुली धैर्याची आहे आणि खेळातला तो चौकोन कुठून आला हेही तीतून कळते. जमावाने केलेली हत्या ही हत्याच. तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्या चित्रफितीच्या चौकटीत जमाव होता आणि सैनिक होते. वेस्ट बँक १९६७ पासून इस्रायलच्या लष्करी ताब्यात आहे, ही गोष्ट चौकटीत मावत नाही. ज्याने चित्रफितीपासून सुरुवात केली त्याला द्वेष दिसतो. त्याच्या आधीचे दिसत नाही.

या खेळाविषयी 'सुडाचे चक्र' हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. चक्राला आरंभ नसतो. म्हणून ज्याने आरंभ केला त्याला ही उपमा फार सोयीची पडते. आपल्याकडे वस्तीवर हल्ला होतो, घरे जळतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येतो: दोन गटांत हाणामारी. मग दोन्हीकडच्यांवर गुन्हे नोंदले जातात आणि शांतता समिती बसते. दोन्ही बाजूंना समज दिली जाते. हल्ला करणारा आणि उलटा धोंडा उचलणारा एकाच ओळीत बसतात. खेळातली एली आणि ॲबी यांची गोष्ट अशी नाही, हे मी मान्य करतो. तिथे दोघींचेही बाप गेले आहेत, दोघींचेही दुःख खरे आहे, आणि सूड दोघींनाही आतून पोखरतो हे दाखविताना खेळ कुठेही खोटा वाटत नाही. माझी तक्रार अशी की दोघींपुरते खरे असलेले हे सूत्र खेळ साऱ्या शहराला लावतो. सिएटलमधले दोन गट, एक लष्करी राजवट उलथून सत्तेवर आलेला आणि मग स्वतःच छळणारा, दुसरा धर्मवेडा, हे एकमेकांना मारत राहतात आणि शेवटी सारे जळते. कोणाचे म्हणणे काय होते, जमीन कोणाची, तह कोणी मोडला, या गोष्टी भिंतीवरच्या चिठ्ठ्यांत विखुरल्या आहेत. वाचल्या तर वाचल्या.

आणि तरीही याच खेळात लेव्ह आहे. त्याच्यासाठी मी या खेळाला पुष्कळ माफ करतो. लेव्ह तेरा वर्षांचा, सेराफाइट समाजात मुलगी म्हणून जन्मलेला. तो स्वतःला मुलगा मानतो. एका वृद्ध पुढाऱ्याची बायको म्हणून त्याची नेमणूक झाली, तेव्हा त्याने डोके भादरले. त्या समाजात तो अधिकार पुरुषांचा. त्या एका कृत्यासाठी त्याच्यावर मरण ठरले आणि यारा ही त्याची बहीण त्याच्याबरोबर पळाली. हे सारे खेळ फार संयमाने सांगतो, भाषण करीत नाही. त्यांच्या पंथाची एक प्रेषिता होती. शत्रूने तिला मारले. तिच्या मागून आलेल्या ज्येष्ठांनी तिची वचने वाकडी केली, असे या भावंडांचे मत. म्हणजे लेव्ह पंथ सोडतो, पण प्रेषितेची प्रार्थना सोडत नाही. मूळ शिकवण एक आणि तिच्यावर बसलेले पुरोहित दुसरे, हा फरक तेरा वर्षांच्या मुलाला कळतो. पुढे तो आईला समजवायला म्हणून एकटा बेटावर परत जातो. आई त्याच्यावर धावून येते आणि त्या झटापटीत मरते. लेव्हला सुडाचे कारण कोणापेक्षाही मोठे आहे. त्याने पंथावर सूड घ्यावा असे कोणीही म्हटले असते. तो घेत नाही. त्याला जगायचे आहे आणि आपल्या नावाने जगायचे आहे.

पण लेव्हच्या हातात कंट्रोलर कधीच येत नाही. तो पुढे चालतो, वाट दाखवतो, धनुष्य रोखतो, "इकडून" म्हणतो. खेळायचे ते ॲबीने. शेवटच्या समुद्रकिनाऱ्यावर तर थकलेली ॲबी लढायला नकार देते, तेव्हा तिला लढायला भाग पाडण्यासाठी एली बेशुद्ध लेव्हच्या गळ्याला सुरी लावते. दोघींच्या सुडाशी ज्याचा काही संबंध नाही त्याचा गळा. मी तिथे मोठ्याने काहीतरी बोललो, मुलगी जागी झाली, आणि ती लढाई आम्ही दुसऱ्या रात्री पाहिली.

त्या किनाऱ्याच्या थोडे आधी जे घडते, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. सांता बार्बरा येथे रॅटलर्स नावाची एक टोळी आहे. ती माणसे पकडते आणि गुलाम म्हणून राबवते. रोगग्रस्तांनाही तिने साखळ्यांनी बांधून पहाऱ्याला ठेवले आहे. ॲबी आणि लेव्ह यांच्या हाती सापडलेले. ॲबीने पळून जाण्याचा प्रयत्न केला म्हणून दोघांनाही किनाऱ्यावर खांबांना बांधून मरायला ठेवले आहे. एली तिथे पोचते, पहारेकऱ्यांना मारत आत शिरते आणि कोंडलेल्या कैद्यांची कोठडी उघडते. कैदी तिला ॲबीचा ठावठिकाणा सांगतात. मग ते शस्त्रे घेतात आणि मालकांवर उलटतात. एली किनाऱ्याकडे निघते. तिच्या पाठीमागे गोळीबार सुरू असतो, आग लागलेली असते.

वीस-पंचवीस तासांच्या या खेळात सूड नसलेली, चक्र नसलेली, ज्याला न्याय्य म्हणता येईल अशी हिंसा एकच आहे, आणि ती पाठीमागे घडते. राबवले गेलेले लोक कोठडीबाहेर येऊन राबवणाऱ्यांना संपवतात. यात दोन्ही बाजू सारख्या आहेत असे खेळालाही म्हणता आले नसते. म्हणूनच की काय, खेळ तिकडे बघत नाही. कॅमेरा जखमी एलीच्या पाठीवर असतो आणि तिला पुढे एक वैयक्तिक हिशेब पुरा करायचा असतो. हिंसा माणसाला काय करते हे सांगायला ज्यांनी सारे कौशल्य पणाला लावले, त्यांना ती माणसाला कधी मोकळे करते हे विचारायला वेळ झाला नाही. त्या कैद्यांतले कितीजण वाचले, पुढे कुठे गेले, आम्हाला कळत नाही. शेवटच्या लढाईत मारलेल्या शत्रूलाही ज्या खेळाने नाव दिले, त्याने या माणसांना आवाजापुरतेच ठेवले.

शेवट तसा चांगला आहे, हे सांगितले पाहिजे. एली ॲबीला पाण्याखाली धरते आणि सोडून देते. तिच्या डाव्या हाताची दोन बोटे गेलेली असतात. रिकाम्या शेतघरात परत येऊन ती जोएलने दिलेली गिटार वाजवू पाहते, सूर लागत नाही. आणि त्याच सुमारास एक जुनी आठवण उलगडते: जोएलचे खोटे उघडकीला आल्यावर तिने त्याच्याशी बोलणे सोडले होते, आणि त्याच्या मरणाच्या आदल्या रात्री तिने त्याला सांगितले होते की क्षमा जमेल असे वाटत नाही, पण प्रयत्न करीन. माझ्या मते या कथेतला मूळ अपराध खुनाचा नाही, खोट्याचा आहे. तिच्या जिवाचा निर्णय तिला न विचारता घेतला गेला आणि मग तो घेतला गेला हेही तिच्यापासून लपविले गेले. एली सत्यासाठी किती वर्षे झगडली हे खेळ नीट दाखवतो, आणि क्षमेच्या आधी सत्य कबूल करावे लागते हेही. चक्र-चक्र म्हणणाऱ्यांनी हा भाग पुन्हा पाहावा.

पाठीमागच्या उठावाविषयीचे माझे म्हणणे मी जोडीदाराला ऐकवले. तिला ते पटले, पण निम्मेच. तिने तो अध्याय पुन्हा लावला, कोठडी पुन्हा उघडली आणि किनाऱ्याच्या वाटेवर एलीला थांबवून मागे वळवले. आम्ही काही वेळ तसेच पाहत राहिलो. आग, अंधार, गोळ्यांचे आवाज. खेळ घाई करीत नाही. तुम्ही उभे राहिलात तर तोही उभा राहतो. मी म्हणालो, तिकडे जाता यायला हवे होते. ती म्हणाली, "कशाला? कोठडी उघडली, बंदुका त्यांनी घेतल्या. त्यांना तुझी गरज कुठं आहे? तुला उगाच वाटतं, आपण तिथं असलं पाहिजे." मी म्हणालो, प्रश्न आपल्या असण्याचा नाही, निदान त्यांची नावे तरी कळायला हवी होती. त्यावर ती काही बोलली नाही. सकाळी तिची सातची पाळी होती. तिने एलीला पुन्हा किनाऱ्याकडे तोंड करून उभे केले आणि टीव्ही बंद केला.